तार कुठल्या टप्प्यात तुटली?

१९४० साली वर्धेपासून आठेक किलोमीटरवरच्या सेगावचे नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. आज नव्या नावातला आदर्श सगळ्यांना दिसतो, पण त्यामागची अडचण टपालाची होती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या खेड्यात आले आणि त्यांच्यामागोमाग देशातली-परदेशातली पत्रे तिकडे वाहू लागली. वर्धा ज्या मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. स्टेशन असलेले, गजानन महाराजांच्या समाधीमुळे तेव्हाही ठाऊक असलेले गाव. रोमन लिपीत दोन्ही नावांत फक्त एका अक्षराचा फरक पडतो. त्यामुळे वर्धेच्या सेगावची पत्रे शेगावला जाऊन पडू लागली. या घोटाळ्यात काय काय शाबूत होते ते पाहण्यासारखे आहे. आगगाडी धावत होती, थैल्या सीलबंद होत्या, टपाल वाटणारा नेकीने वाटत होता आणि पत्राची वाट पाहणारा माणूस आपल्या झोपडीत हजर होता. बिघाड एकाच पायरीवर होता, नाव वाचून ठिकाण ठरवण्याच्या. तो तिथेच आहे हे नेमके ओळखले गेले, म्हणून कोणी आगगाड्या वाढवा म्हटले नाही, पोस्टमनला दोष दिला नाही. नाव बदलले.

दूरच्या सर्व्हरशी जोडणी होत नाही अशी तक्रार आली की आजचा संगणक अभियंताही आधी हीच पायरी तपासतो. सर्व्हरचे नाव दिले, तर त्या नावाचा आकडी पत्ता मिळतो का? मिळत असेल तर तो बरोबर यंत्राचा आहे का? मग पुढचे प्रश्न: त्या पत्त्यापर्यंत वाट आहे का, वाटेत कोणी अडवते का, पलीकडचे यंत्र जागे आहे का, जागे असेल तर हवी ती सेवा तिथे चालू आहे का, आणि सेवा चालू असली तरी समोरचा आपल्याला ओळखून आत घेतो का. हे सगळे एका ओळीने विचारायचे असते आणि प्रत्येक उत्तराने शोधायचा मुलूख लहान होत जातो. ही रीत संगणकाच्या पोटी जन्मली असे आपण समजतो. खरे तर ती टपाल, तार आणि रेल्वे यांनी घडवली, आणि वर्धा जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तिची बहुतेक रूपे तिथे सापडतात. या इतिहासावरून मला एक गोष्ट मांडायची आहे. तलाठी कार्यालयात, रेशन दुकानात, सेवा केंद्रात आज ऐकू येणारे ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर यंत्राच्या अपयशापेक्षा या रीतीच्या विस्मरणाचे लक्षण आहे. जोडण्या पूर्वीही तुटत, कदाचित जास्तच तुटत. मात्र कुठे तुटली हे सांगण्याची जबाबदारी तारेच्या या टोकाला बसलेल्या माणसावर असे, आणि ती पार पाडण्याची साधने त्याच्या हातात असत.

वर्धा शहर मुळात संपर्काच्या सोयीसाठीच वसले म्हटले तरी चालेल. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. रेल्वेची आखणी ठरल्यावर १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या खेड्याजागी हलवले आणि तिथे सरळ रस्त्यांचे नवे गाव आखले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली, पुढच्या दशकात वर्धेहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा गेला. रुळांशेजारी खांब आणि खांबांवर तारा ओघानेच आल्या. हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात नावाजलेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा पुरवठा तुटल्यापासून ब्रिटिश गिरणीवाल्यांचे डोळे वऱ्हाड आणि नागपूर प्रांताकडे लागले होते, इतके की मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कारनॅक हा स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावच्या कापूस बाजारापर्यंतचा रेल्वेफाटा सुरू केला आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई एडन-सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. विदर्भातल्या बाजाराची खबर आणि लिव्हरपूलचा भाव यांच्यामधले आठवड्यांचे अंतर तासांवर आले. एवढे पैसे ज्या तारेवर अवलंबून, तिच्या बिघाडाला ‘आज तार बंद आहे’ इतके उत्तर पुरणारे नव्हते.

तारखात्याने बिघाडाच्या तीन जाती मानल्या होत्या. तार तुटणे, तार जमिनीला लागणे आणि दोन तारा एकमेकींना चिकटणे. तिघींची लक्षणे वेगळी, आणि ती आपल्याच टेबलावर बसून ओळखता येत. तार मध्ये तुटली असेल तर या टोकाकडून प्रवाहच जात नाही, मापकाची सुई हलत नाही. तार कुठे जमिनीला, ओल्या झाडाला किंवा कोसळलेल्या खांबाला लागली असेल तर उलट होते: प्रवाह नेहमीपेक्षा जास्त जातो, पण पलीकडे जेमतेम पोहोचतो. दोन तारा चिकटल्या तर दुसऱ्याच तारेवरचा कडकट्ट आपल्या यंत्रावर ऐकू येतो. म्हणजे ‘उत्तर येत नाही’ या एकाच अनुभवाच्या पोटात तीन निरनिराळी कारणे आणि तीन निरनिराळे उपाय दडलेले असत. काळ्या जमिनीच्या या मुलखात उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसात फुगते. तिच्यात रोवलेला खांब कलला की तारेचा ताण बिघडतो, चिनीमातीची वाटी तडकली की ओलाव्यातून प्रवाह झिरपतो. तुटलेली तार सांधायला एक सरंजाम लागतो, फुटकी वाटी बदलायला दुसरा. लाइनमनला काय घेऊन आणि कोणत्या दिशेला धाडायचे, हे तो निघण्यापूर्वी ठरवावे लागे.

हे ठरवण्याचे शास्त्र भारतीय तारखात्यात लुई श्वेंडलर या जर्मन अभियंत्याने शिस्तीला आणले. १८७० च्या दशकात त्याने तारमार्गांच्या चाचणीवर दोन भागांचे पुस्तक लिहिले. चाचणीचा गाभा सोपा आहे. दूरच्या कचेरीला आधीच ठरल्याप्रमाणे तारेचे टोक मोकळे सोडायला सांगायचे आणि आपल्याकडून किती प्रवाह जातो ते मोजायचे. मग ते टोक जमिनीला जोडायला सांगायचे आणि पुन्हा मोजायचे. टोक मोकळे असताना प्रवाह जवळजवळ शून्य हवा. तसा नसेल तर वाटेत गळती आहे. टोक जमिनीला जोडल्यावर प्रवाह भरपूर हवा. नसेल तर वाटेत तार तुटली आहे किंवा सांधा खराब आहे. समजा मुंबई-नागपूर तारेत दोष आला. नागपूरने आधी वर्धेला तार तोडून घ्यायला सांगायचे. नागपूर-वर्धा तुकडा ठीक निघाला तर दोष पश्चिमेला, मग बडनेरा, अकोला, भुसावळ असे पुढे सरकायचे. दोष असलेल्या तारेसोबत एक शाबूत तार हाताशी असेल तर दूरच्या टोकाला त्या दोन्ही जोडून, व्हीटस्टनच्या जुळणीवर रोध मोजून, दोष किती मैलांवर आहे याचे गणितही करता येई. मैलाचा आकडा हाती घेऊन निघालेल्या लाइनमनला सगळा मार्ग धुंडाळत बसावे लागत नसे.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. चाचणी एकट्याने होत नाही. पलीकडे कोणीतरी बसलेले असावे लागते, ठरल्या वेळी तार मोकळी सोडणारे, ठरल्या वेळी जोडणारे. टोके दोन, आणि दोन्ही टोकांच्या माणसांना दोषाची भाषा सारखीच ठाऊक. रेल्वेने हे तत्त्व आणखी कडक केले. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लियर’ दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. पुढून नकार आला तर थांबायचे हे उघड आहे, पण पुढून काहीच आले नाही तरीही थांबायचे. मौन म्हणजे संमती नाही, आणि नकारही नाही. मौन म्हणजे तपासाला लागा. संपर्काची सगळीच साधने बंद पडली तर काय करायचे हेसुद्धा रेल्वेच्या नियमपुस्तकात लिहिलेले आहे: स्टेशनमास्तरने लेखी चौकशी-पत्र देऊन एक मोकळे इंजिन मंद गतीने पुढच्या स्टेशनकडे पाठवायचे आणि त्यानेच दोन्ही बाजूंचा संपर्क पुन्हा बांधून आणायचा. तुटलेल्या जोडणीचाही एक कार्यक्रम असतो, हे रेल्वेने गृहीत धरले होते.

आता पुन्हा सेगाव. गांधीजी तिथे आले तेव्हा पक्का रस्ता नव्हता. सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीला वर्धेतल्या मगनवाडीत राहत आणि टपालाचा गठ्ठा घेऊन साडेपाच मैल चालत जात, कामे उरकून तेवढेच मैल चालत परत येत. विदर्भाच्या उन्हात रोजचे अकरा मैल. देशाच्या राजकारणाचा शेवटचा टप्पा माणसाच्या पायांवर चालला होता. दूरसंपर्काच्या जाळ्यात शेवटचा टप्पाच सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक असतो, हे आजही तितकेच खरे आहे. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगोने थेट संपर्क राहावा म्हणून बसवून घेतलेला दूरध्वनी आश्रमात आजही दाखवला जातो. ब्रिटिश सरकारची सोय म्हणून तो आला. साम्राज्याला ज्या माणसाचे उत्तर हवे असते, त्याच्या झोपडीपर्यंत तार जाते. शेजारच्या घरात जात नाही. पण १९४२ ने या तारेची दुसरी बाजू दाखवली. १४ जुलैला काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ब्रिटिशांनी निघून जावे असा ठराव केला, ऑगस्टच्या सुरुवातीला गांधीजी मुंबईला गेले, ९ तारखेला पकडले गेले आणि आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाले. महादेवभाई १५ ऑगस्टला तिथेच वारले. मे १९४४ पर्यंत गांधीजी कैदेत होते. या काळात सेवाग्रामची तार शाबूत असती तरी व्हाइसरॉयला हव्या असलेल्या माणसाशी ती जोडून देऊ शकली नसती. अभियंत्याच्या भाषेत यंत्र चालू, वाट मोकळी, पण सेवा बंद. आणि बंद करणारा होता खुद्द दूरध्वनी बसवून घेणाराच.

याच ऑगस्टमध्ये देशभर जमावांनी तारा कापल्या, खांब पाडले. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला १६ ऑगस्टला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंचे लोक मेले. या घटनांकडे संपर्काच्या इतिहासाच्या बाजूने पाहिले तर माझ्या मांडणीवर पहिला आक्षेप इथेच निघतो: दोष शोधण्याची रीत कितीही चांगली असली तरी मुद्दाम तोडलेल्या तारेपुढे तिचा काय उपयोग? उत्तर असे की मुद्दाम तोडलेली तार ही रीत बाद करत नाही, तिच्यापुढे आणखी एक प्रश्न ठेवते. तार कुठे तुटली हे चाचणी सांगते. ती वाऱ्याने तुटली की माणसाने, हे चाचणीला कळत नाही, पण ‘कुठे’ हे कळल्याशिवाय ‘कोणी’ हे विचारताच येत नाही. आजचा अभियंताही हा फरक करतो. सर्व्हरकडून ‘जोडणी नाकारली’ असा निरोप आला तर तो एका परीने खूश होतो, कारण निरोप तिथपर्यंत पोहोचला आणि परतही आला. म्हणजे नाव बरोबर, वाट बरोबर, यंत्र जिवंत. फक्त त्या दारामागे कोणी बसलेले नाही, किंवा वाटेतल्या पहारेकऱ्याने स्पष्ट नाही म्हटले आहे. ‘वेळ संपली, उत्तर नाही’ असे आले तर तो गंभीर होतो. तिथे वाट तुटलेली असू शकते, यंत्र बंद असू शकते, किंवा पहारेकरी निरोप गुपचूप गिळत असू शकतो. श्वेंडलरच्या काळातल्या तारमास्तराला हा फरक नवा वाटला नसता. सुई मेली आहे की वाजवीपेक्षा जास्त हलते आहे, हेच तर तो रोज पाहत होता.

नावाच्या घोटाळ्याला गावाचे नाव बदलण्यापेक्षा कायमचा उपाय १९७२ मध्ये सापडला आणि तो काढणारे मराठी होते. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकडी पिनकोडची रचना केली, ती १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्या आणि चुकीचे पत्ते या अडचणींवर हा तोडगा होता. सेवाग्रामचा पिन ४४२१०२, शेगावचा ४४४२०३. पहिले दोन आकडे सारखे, कारण दोन्ही विदर्भात. तिसऱ्या आकड्यावर वाटा फुटतात. ही योजना १९३६ मध्ये असती तर छाटणी करणाऱ्याने नाव न वाचताही थैली वेगळी केली असती आणि खेड्याला आपले नाव बदलण्याची गरज टपालापुरती तरी पडली नसती. संगणकांच्या जाळ्यानेही पुढे हेच केले. सुरुवातीला सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. यंत्रे वाढली तशी ती यादी सांभाळणे अशक्य झाले आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मोठ्या विभागातून लहान विभागाकडे जाणारी नावांची उतरंड आखली. वेलणकरांची रचना तिच्याआधी अकरा वर्षांची. दोघांनी एकमेकांचे पाहिले असे मी म्हणत नाही. अडचण एकाच जातीची होती म्हणून उत्तरेही एका घराण्यातली निघाली.

मधला टेलिफोनचा काळ थोडक्यात आटोपतो. ट्रंक कॉल नोंदवून ताटकळणाऱ्यांच्या हालअपेष्टांवर मराठीत पुष्कळ विनोद झाले, पण त्या व्यवस्थेत मधे एक माणूस होता आणि तो कारण सांगायचा: लाइन व्यस्त आहे, पलीकडे कोणी उचलत नाही, ट्रंकच बंद आहे. तिन्ही उत्तरे वेगळी आणि ऐकणाऱ्याला तिन्हींचा अर्थ कळायचा. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाल्यावर भारतीय हवामानात टिकणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंजे आली, एसटीडीची पिवळी बूथे आली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या छत्र्यांनी जिल्ह्यांची मुख्यालये दिल्लीशी जोडली. मधला माणूस गेला. त्याच्याजागी दोषशोधाची नवी साधनेही तयार होत होती. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत माइक मूस यांनी ‘पिंग’ लिहिले. दूरच्या यंत्राला हाक मारायची आणि परत आलेल्या ओ ला किती वेळ लागला ते मोजायचे. काही वर्षांनी व्हॅन जेकबसन यांच्या ‘ट्रेसरूट’ने वाटेतल्या प्रत्येक ठाण्याचे नाव काढून दाखवले. १९९५ मध्ये फिनलंडच्या ताटू इलोनेन यांनी दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित प्रवेशाची ‘एसएसएच’ पद्धत आणली. तिच्यात सर्व्हरची ओळख बदललेली दिसली तर जोडणीच थांबवून मोठा इशारा दिला जातो, कारण त्या नावाने भलताच कोणी उत्तर देत असू शकतो. म्हणजे तारखात्याकडे होती त्याहून धारदार साधने आज फुकट मिळतात. मग ती गेली कुठे?

ती राजधान्यांतल्या माहिती केंद्रांत राहिली, टोकापर्यंत आली नाहीत. समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातले रेशन दुकान घ्या. धान्य घ्यायला आलेल्या बाईचा अंगठा ई-पॉस यंत्रावर ठेवला की तो ठसा आधी मोबाइलच्या टॉवरपर्यंत जातो, तिथून राज्याच्या सर्व्हरकडे, आणि ओळख पटवण्यासाठी आधारच्या यंत्रणेकडे, जिची माहिती केंद्रे बंगळूरु आणि मानेसरला आहेत. उत्तर याच वाटेने परत येते. या मार्गात निदान पाच ठिकाणी अडू शकते. गावात नेट नाही. नेट आहे पण राज्याच्या सर्व्हरपर्यंत वाट नाही. सर्व्हर आहे पण महिन्याच्या गर्दीने गुदमरला आहे. सर्व्हर ठीक आहे, आधारकडून उत्तर येत नाही. किंवा सगळे ठीक आहे आणि कापूस वेचून, निंदण करून झिजलेल्या बोटांचा ठसाच जुळत नाही. पाचही वेळा बाईला ऐकायला येते ते एकच: सर्व्हर डाऊन. पहिल्या बिघाडात यंत्र रस्त्याच्या कडेला, टॉवर दिसतो तिथे नेले तर काम होईल. तिसऱ्यात रात्री आठनंतर होईल. पाचव्यात दिवसभर थांबूनही होणार नाही. तिथे दुसरे बोट, ओटीपी किंवा घरातले दुसरे माणूस लागेल. कारण न सांगता परत पाठवलेली बाई उद्याची मजुरी बुडवून पुन्हा येते आणि पुन्हा तेच ऐकते. सातबाऱ्याचे, फेरफाराचे, मुदतीत भरायच्या पीकविम्याच्या अर्जाचे, २०२१ पासून शेतकऱ्याच्याच हाती दिलेल्या ई-पीक पाहणीचे याहून वेगळे नाही.

यावर जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे, म्हणून ते टाळून पुढे जाता येत नाही. पहिले म्हणणे असे की तारेची वाट सरळ होती, आजचे जाळे इतके गुंतागुंतीचे आणि इतक्या मालकांचे आहे की दोष कुणाकडे हे टोकाला बसून कळणे शक्य नाही. पण १८७० ची मुंबई-इंग्लंड तारसुद्धा एका मालकाची नव्हती. समुद्राखालचे निरनिराळे टप्पे निरनिराळ्या कंपन्यांचे होते आणि १८७२ मध्ये त्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीत एकवटल्या. मालक अनेक असले की टप्प्याटप्प्याने चाचणी करण्याची गरज वाढते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा असतो. दुसरे म्हणणे सुरक्षेचे. आजचे सर्व्हर अनोळखी हाकांना मुद्दामच ओ देत नाहीत, कारण जो उत्तर देतो तो हल्लेखोराला आपला ठावठिकाणा देतो. हे पूर्ण मान्य. पण परवाना दिलेले रेशन दुकान, नेमलेला तलाठी, नोंदणी झालेले सेवा केंद्र ही अनोळखी टोके नाहीत. परक्यांसाठी मौन राखून ओळखीच्या टोकाला ‘आमच्याकडे गर्दी आहे’ किंवा ‘आधारकडून उत्तर नाही’ एवढे सांगणे सुरक्षेला मारक नाही. बँकेच्या यंत्रणा आपापसांत असे निरोप रोज पाठवतात. तारेवरही गुप्त मजकूर जात होता, सांकेतिक भाषा होत्या, १८८५ चा तार कायदा होता. म्हणून तारमास्तराला मापक नाकारला गेला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. तारेची शिस्त कुणासाठी होती? हिंगणघाटच्या बाजारात लिव्हरपूलचा भाव तारेने आला तो आडत्याकडे आणि निर्यातदार कंपनीच्या गुमास्त्याकडे. गाडी भरून आलेल्या कास्तकाराला तो त्यांच्या तोंडून, त्यांना सोयीचा तेवढाच कळला. तार चोख चालत होती तेव्हाही त्याच्यासाठी ती नव्हतीच. आजचे ई-पॉस कितीही अडखळले तरी त्याच्या टोकाला खरोखरच गरीब माणूस उभा आहे, आणि हा फरक लहान नाही. जुन्या तारखात्याचे गोडवे गाऊन तो पुसता येणार नाही. परंतु याच फरकामुळे माझा मुद्दा अधिक घट्ट होतो असे मला वाटते. व्यापाऱ्याची तार बंद पडली तर त्याचा सौदा हुकायचा. रेशनची जोडणी बंद पडली तर चूल अडते. कमी मोलाच्या संदेशासाठी जी काळजी घेतली गेली, ती जास्त मोलाच्या संदेशासाठी अनावश्यक कशी ठरते? खेड्यापर्यंत केबल नेली की प्रश्न सुटेल, असे २०११ च्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेपासून, म्हणजे आताच्या भारतनेटपासून, मानले जाते. केबल हवीच. मात्र ती पाचांपैकी पहिल्या दोन दोषांवर उतारा आहे. उरलेल्या तिघांना तिचा स्पर्श होत नाही, आणि टप्पा न ओळखता खर्च केला की सेगावची पत्रे लवकर पोहोचावीत म्हणून आगगाड्या वाढवल्यासारखे होते.

दुकानदार तंत्रज्ञ नाही, त्याच्याकडून निदानाची अपेक्षा करू नये, असेही म्हणतात. तारमास्तरही वैज्ञानिक नव्हता. त्याच्यापुढे एक सुई होती आणि तिच्या तीन अवस्थांचे अर्थ त्याला पाठ करून दिले होते. ई-पॉसच्या पडद्यावर आजही त्रुटीचे आकडे उमटतात. त्यांची फोड मराठीत, पाच-सहा ओळींत, यंत्राच्या पाठीला चिकटवता येते. केंद्रीय अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते की आधार नसणे, नेटवर्क वा जोडणीची अडचण, किंवा ठसा न उमटणे या कारणांवरून कोणालाही धान्य नाकारू नये आणि अशा अपवादांची नोंद ठेवावी. त्या पत्रात जोडणीचा दोष आणि ठशाचा दोष वेगळे मोजलेले आहेत, हे महत्त्वाचे. नोंदवहीत तारीख आणि वेळेपुढे कोणता टप्पा अडला याचा एक रकाना घातला आणि महिन्याच्या शेवटी आर्वी, देवळी, सेलू, हिंगणघाट अशा आठही तालुक्यांच्या वह्या जिल्हा पुरवठा कार्यालयात एकापुढे एक उघडल्या, तर कोणत्या गावाला टॉवर हवा, कोणत्या वेळी सर्व्हर गुदमरतो आणि कोणत्या दुकानात बोटांऐवजी ओटीपीची सोय आधी करायला हवी, हे कुणाही कारकुनाला वाचता येईल.